निळ्या टोपणाच्या नळ्या

पनवेलच्या बाजारातून खांदा कॉलनीकडे निघालेली रिक्षा उड्डाणपुलाच्या तोंडाशी एका खड्ड्यात आदळली आणि नेमका त्याच क्षणी दाजी घरत यांच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यामुळे पुढे कितीतरी दिवस त्यांना या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता आल्या नाहीत. मांडीवरची भाजीची पिशवी एका हाताने सावरत त्यांनी फोन कानाला लावला. "घरतकाका, डॉक्टर इरा बोलतेय. घाबरायचं काही नाही, पण तुमच्या रक्तातल्या कणांचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच वर आलाय." मागून एक ट्रेलर भोंगा वाजवत गेला आणि डॉक्टरीणबाईंचे पुढचे वाक्य त्या आवाजाखाली सापडले. भोंगा विरल्यावर त्या सांगत होत्या की हा आजार नव्हे, हे निदानही नव्हे, अभ्यासातले आकडे एरवी कोणाला कळवतही नाहीत. परंतु वडील आणि भाऊ दोघेही ज्या रीतीने गेले ते पाहता इतर तपासण्या करून घेतलेल्या बऱ्या. दाजींनी शांतपणे "बरं" म्हटले, "येतो" म्हटले, फोन खिशात ठेवला आणि पिशवीतून बाहेर आलेली शेपूची जुडी पुन्हा आत खोचली. हे करताना आपला हात थरथरत नाही याची त्यांनी नोंद घेतली, आणि अशी नोंद घ्यावीशी वाटली याचाच अर्थ आपण घाबरलो आहोत, हेही त्यांच्या ध्यानात आले.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर ज्याची हयात गेली, त्या माणसाचा आकड्यावर एक प्रकारचा भाबडा विश्वास असतो. सळ्यांनी लादलेले ट्रक काट्यावर येत, चालक हुज्जत घालीत, व्यापारी शपथा घेत, आणि दाजी काचेआडून एवढेच म्हणत, "काटा सांगेल ते." माणसे बोलतात, काटा बोलत नाही, म्हणून तो खरा, असे त्यांचे साधे तर्कशास्त्र होते. निवृत्तीनंतर नवीन पनवेलच्या एका रुग्णालयातला अभ्यास त्यांच्या कानावर आला तेव्हाही त्यांना मोह पडला तो आकड्याचाच. ज्यांच्या घरात माणसे साठीच्या अलीकडे हृदयविकाराने गेली, अशांचे रक्त त्यासाठी घेतले जात होते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास होऊ लागला की त्यातल्या पेशी आपल्या अंगाचे अतिसूक्ष्म तुकडे रक्तात सोडतात, डोळ्यांना न दिसणारे, साध्या तपासणीत न सापडणारे. ते मोजता आले तर पुढचा धोका आधी ओळखता येईल का, एवढेच आम्हांला पाहायचे आहे, असे डॉक्टर इरा यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले होते. दाजींनी मान डोलावली होती. बाई ज्या गोष्टीसाठी एवढे शब्द वापरीत होत्या ती त्यांना फार जुनी, फार ओळखीची वाटली होती. पण तसे बोलून दाखवणे त्यांना आगाऊपणाचे वाटले.

कारण ती गोष्ट त्यांच्या बापाची होती. हसुराम घरत खाडीकाठच्या बांधावर राखणीला असत. एका अंगाला भरती-ओहोटीचे खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे, आणि मध्ये माणसांनी पिढ्यान्पिढ्या चिखल थापून उभा केलेला तो बांध. ओहोटी लागली की हसुराम बांधावरून चालत, परंतु पाहत ते बांधाकडे नव्हे, तर बांधाच्या पायथ्याशी साचलेल्या गोड्या पाण्याकडे. नितळ पाण्यात कोठेतरी एक गढूळ दोरा दिसे, विडीच्या धुरासारखा बारीक, वळसे घेत वर येणारा. "यो बग," ते लहानग्या दाजीला म्हणत, "बांद वरून कसा धडधाकट दिसतो. पन याची माती पान्यात याया लागली. आत खेकड्यानं बीळ पाडलाय." मग ते गवताचा बोळा त्या जागी कोंबीत, वर चिखल लिंपीत आणि टाचेने दाबून काढीत. बांध फुटण्याच्या कितीतरी आधी बांधाची माती पाण्यात येते, हे दाजी अक्षरओळख होण्याच्या आधी शिकले होते. एका वर्षी तो दोरा कोणालाच दिसला नाही. उधाणाचे पाणी आत आले तेव्हाचा आवाज त्यांच्या कानांत अजून होता. मोठा नव्हे, कोणीतरी पोते फाडावे तसा कोरडा. खुद्द हसुराम पुढे त्याच बांधावर बसले ते उठले नाहीत. थोरला भाऊ गोमा भाचीच्या लग्नात पंगत वाढीत असताना हातातल्या डावासकट खाली आला. दोघांचाही बांध वरून धडधाकट होता. दाजी आता साठीला टेकले होते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी हे सगळे मोजक्या शब्दांत घरी सांगितले. समोर पत्नी सत्यवती होती आणि मुलगी मनिषा. मनिषाला विशाखापट्टणमच्या बंदरात जहाजांच्या तपासणीचे काम मिळाले होते. जहाजाच्या पोटात उतरायचे, पत्रा कोठे गंजला, सांधा कोठे सुटला ते पाहायचे. बारा पुरुषांमध्ये ती एकटी मुलगी निवडली गेली होती, आणि महिनाअखेर तिने तेथे हजर व्हायचे होते. तिने बापाचे बोलणे संपेपर्यंत घास हातात धरून ठेवला, मग तो परत ताटात ठेवला. "बाबा, मी नाही जात तिकडे."

"थांबते बोलते तं थांबू दे," सत्यवती लगेच म्हणाली. "समुद्र काय तिकडंच हाय? इकडं उरनला बंदर हाय, ते काय खोटं?"

येथे दाजींनी काय बोलावयास हवे होते, याविषयी त्यांच्या मनात तेव्हाही संशय नव्हता. वेडी का काय, असे म्हणायला हवे होते. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलेही. परंतु त्याच वेळी छातीत कोठेतरी एक गाठ सैल झाल्यासारखी झाली, आणि त्या सैलपणाचे सुख इतके अनपेक्षित होते की ते वाक्य तेथेच विरघळले. "जरा कालवण वाढ," ते सत्यवतीला म्हणाले.

पुढचे दिवस, खरे सांगायचे तर, वाईट गेले नाहीत, आणि दाजींना अस्वस्थ करीत होती ती हीच गोष्ट. मनिषा त्यांना रुग्णालयात घेऊन गेली. हृदयाचा आलेख काढून झाला, चालत्या पट्ट्यावर चालवून झाले. रक्तदाब थोडा वर, बाकी ठीक, असे ऐकून झाले. पण "बाकी ठीक" हे शब्द गोमाच्याही बाबतीत खरे होते, असे त्यांनी मनाशी नमूद केले. ते आता स्वतःच्या देहात पाहुण्यासारखे वावरू लागले होते. जिना चढताना कठड्यावर हात ठेवीत; दाढी करताना गळ्याची शीर उडताना दिसली की वस्तरा थांबवून तिच्याकडे पाहत राहत, आणि या कातडीच्या आत, या घटकेला, न दिसणारी न ऐकू येणारी माती सुटते आहे, वळसे घेत निघाली आहे, असे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राही. संध्याकाळी मनिषा त्यांना फिरायला नेई. कॉलनीतल्या रस्त्याने जाताना त्यांना केव्हातरी पावलांखाली एक ओळखीचा उंचवटा लागे. याच्याच खाली आपला बांध होता, असे त्यांना खात्रीने वाटे; खाचरे गेली, इमारती आल्या, तरी रस्त्याने आपला जुना कणा सोडला नव्हता. "इथे खेकडे पकडायचो आम्ही," ते म्हणत. "इथे? त्या एटीएमपाशी?" मनिषा हसे आणि त्यांच्या कोपराला हलकेच धरी. कॉलेजात गेल्यापासून तिने त्यांचा हात असा धरला नव्हता. त्या स्पर्शासाठी माणसाने थोडे आजारी असायला काय हरकत आहे, असा विचार एकदा त्यांच्या मनात सहज येऊन गेला, आणि तो सहज आला म्हणून ते दचकले.

चैत्रातली दुपार होती. सत्यवती फ्रिजच्या वरच्या खणातला साचलेला बर्फ पळीच्या दांड्याने फोडीत बसली होती आणि दाजी शेजारी स्टुलावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"या बर्फानं मेल्यानं सगली जागा खाल्ली," ती म्हणाली. "त्या दिवशी किशोरीच्या नल्या ठेवायला पन मला कोलंबी हलवायला लागली."

"कसल्या नळ्या?"

"तुमच्या रगताच्या. निल्या टोपनाच्या."

दाजींच्या हातातले वर्तमानपत्र थांबले. किशोरी ही त्या अभ्यासासाठी घरोघर जाऊन रक्त घेणारी. सत्यवतीच्या माहेरगावची निघाली होती. माहेरची मुलगी भरल्या दुपारी दारात आली आणि पाणी पिऊन परत गेली, असे सत्यवतीच्या हयातीत घडणे शक्य नव्हते. रक्त घेऊन झाले, किशोरी "आत्ते, उशीर होतो, डॉक्टरीण ओरडंल" असे म्हणत राहिली, आणि तरीही तांदळाच्या भाकरीवर आणि बांगड्याच्या कालवणावर, गावातल्या कोणाचे काय झाले याच्या चौकशीवर, चांगलाच वेळ गेला होता.

"ती जेवाला बसली तवा मी तिची पिशवी बगितली," सत्यवती सांगत होती. "ना बर्फ, ना काय. तशाच नल्या. भायेर ऊन कसला होता? आंगातून काढलेली वस्तू, नासंल नाय तं काय? मी आपल्या बर्फावर नीट उब्या करून ठेवल्या, बांगड्याच्या बाजूला. ती हात धुवाला गेली तवा पुसून परत पिशवीत घातल्या."

"तिला सांगितलंस?"

"काय सांगाचा? बर्फ इसरली म्हनून पोरीला लाज आनायची? आपल्या गावची हाय."

दाजींनी फ्रिजच्या त्या खणाकडे पाहिले. हाताला सुई लावताना किशोरी त्यांच्याशी जे बोलली होती ते त्यांना शब्दशः आठवत होते: यांना गारवा चालत नाही मामा, हलवायच्यापण नाहीत, घरातल्या हवेत जशाच्या तशा न्यायच्या आणि लगेच यंत्रात फिरवायच्या, नाहीतर नळीतल्या नळीतच नवे तुकडे पडतात आणि मोजणी बिघडते. सत्यवती तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने मासळीच्या बाबतीत जे आयुष्यभर केले तेच नवऱ्याच्या रक्ताच्या बाबतीत केले होते. जी वस्तू जपायची ती बर्फावर ठेवायची. खाडीकाठी जन्मलेल्या बाईला यापेक्षा मोठी काळजी ठाऊक नव्हती.

म्हणजे आकडा खोटा होता. किंवा, दाजींनी स्वतःला दुरुस्त केले, खोटा असे म्हणता येणार नाही. चालक आणि क्लीनर केबिनमध्ये बसलेले असताना घेतलेले वजन खोटे नसते, ते फक्त मालाचे नसते. गाडी बंद करा, खाली उतरा, काटा ठरू द्या, मग बोला, असे त्यांनी हजारदा लोकांना बजावले होते. त्यांनी ताबडतोब उठून डॉक्टर इरा यांना फोन करायला हवा होता. फोन हाताशी होता. त्यांनी वर्तमानपत्र उचलले आणि पुन्हा वारा घेऊ लागले.

त्या संध्याकाळी ते मनिषाबरोबर फिरायला गेले आणि बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. त्यांच्यात एक हट्टी वादपटू बसलेला होता, काट्यावरच्या नोकरीने पोसलेला, आणि तो आता त्यांच्याच बाजूने वकिली करू लागला. नळ्या गारठल्या म्हणून आकडा वाढला असेल, पण तो मुळातही जास्त नसेल कशावरून? हसुराम आणि गोमा हे काही बर्फाने गेले नव्हते. एका संशयापोटी मुलीला दूर धाडायचे आणि मागे खरोखरीच काही घडले तर तिला जन्मभर काय वाटेल? किशोरीच्या नोकरीचे काय? वकिलाचा प्रत्येक मुद्दा बिनतोड होता, आणि दाजी त्याचे म्हणणे ऐकत असतानाच त्यांना स्वच्छ दिसत होते की खरा आकडा आपल्याला नको आहे. तो कमी ठरला तर मनिषा जाणार. जास्त ठरला तर भीती खरी होणार. आणि न तपासता जसाच्या तसा ठेवला तर मरणही लांब आणि मुलगीही जवळ. आजवर काट्यावर लबाडी करणारी पुष्कळ माणसे त्यांनी पाहिली होती. काट्याखाली विटा सरकवणारे, टाकीत पाणी भरून आणणारे. त्यांतला प्रत्येक जण असाच शांत चेहऱ्याने काचेपलीकडे उभा असे.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मनिषा आतून एक खोके घेऊन बाहेर आली. त्यात जहाजावर चढताना घालायचे बूट होते. जाड तळव्याचे, पोलादी टोकाचे, तिने निवड झाल्याच्या आनंदात पनवेलच्या बाजारातून स्वतः पारखून आणलेले. "चला बाबा. दुकानदार परत घेतो म्हणालाय, वापरलेले नसतील तर. तेवढंच चालणं होईल तुमचं."

दाजींनी खोक्याचे झाकण उचलले. बुटांच्या तळव्यांवरच्या खाचा कोऱ्या होत्या. एकाही खाचेत मातीचा कण नव्हता. त्या कोरेपणाकडे पाहताना त्यांना बापाची टाच आठवली, भेगांत चिखल भरलेली, बिळावर दाबलेली, आणि त्यांचा वकील एकाएकी मुका झाला.

"राहू देत ते."

"घरात काय करू त्यांचं? भाजी आणायला घालून जाऊ?"

"तुझ्या आईला दे. मच्छी बाजारात घालून गेली तर कोणी भाव वाढवून सांगायला धजणार नाही."

"बाबा, मस्करी नको. दुकान बंद होईल."

"बस जरा," दाजी म्हणाले, आणि त्यांनी नळ्यांची हकीकत सांगितली. ऐकता ऐकता मनिषाचा चेहरा एकेक घडी उलगडत गेला आणि शेवटी तिला हसू आवरेना. "म्हणजे माझ्या बापाचं रक्त बांगड्याशेजारी पडलं होतं?"

"धुतलेले बांगडे होते," सत्यवती दारातून ठसक्यात म्हणाली. "पोट साफ केलेले. आनि तिला जेवू नको घालू तं काय करू? उद्या माहेरी कोन इचारलं तं तोंड कुटं लपवू?"

मनिषा डोळे पुसत बापाकडे वळली. "हे तुम्हांला कधी कळलं?"

"परवा."

"परवा? मग बोलला का नाहीत?"

दाजींना येथे पुष्कळ उत्तरे देता आली असती. सगळी तयार होती, क्रमाने लावलेली होती. "तू थांबत होतीस म्हणून," ते म्हणाले.

सत्यवती पदराने हात पुसू लागली, पुसलेलेच हात. मनिषा खोक्याच्या झाकणावर बोटाने रेघा ओढीत बसली होती. ती रागावली आहे की रडणार आहे हे दाजींना कळेना, आणि ते कळण्याची वाट न पाहता आपण बोललो याचे त्यांना एक विचित्र हलकेपण वाटत होते. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "पुन्हा रक्त देऊ. नीट. आकडा कमी आला तर मी जाईन."

"नाही."

"नाही काय?"

"आकडा यायच्या आधी ठरव. कमी आला तर जायचं आणि जास्त आला तर थांबायचं, हे मला पटत नाही. मी जन्मभर ट्रकांची वजनं केली मनी, मला ठाऊक आहे काट्यावर काय ठेवायचं आणि काय नाही. माझं रक्त ठेव. तुझं जाणं त्याच्यावर ठेवू नको."

"आनि काय झालं तं?" सत्यवतीने विचारले. तिचा आवाज आता खाली आला होता.

दाजी तिच्याशी तिच्याच बोलीत बोलले, जी ते कॉलनीत राहायला आल्यापासून क्वचितच बोलत. "झालं तं तू हायस. डॉक्टरीन हाय. शेजारी मानसं हायत. बांद राखाला कोन एकटा जात नसं, सत्या."

मनिषाने हात पुढे केला, तळवा वर. "खिशातली पुडी."

"कसली पुडी?"

"बाबा."

त्यांनी तंबाखूची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "आणि चालायचं रोज," ती म्हणाली. "मी फोन करून विचारणार. आईला विचारणार, तुम्हांला नाही. तुमच्या बोलण्यावर माझा आता विश्वास नाही." हे म्हणताना ती हसत होती, तरी ते पूर्णपणे खोटे नव्हते, आणि दाजींनी ते मान्य केले.

रुग्णालयात जाऊन डॉक्टर इरा यांना सगळे सांगताना चूक आमच्या घरची, किशोरीची नव्हे, असे त्यांनी दोनदा बजावले. बांगड्यांचे कळल्यावर बाईंनाही हसू आवरले नाही. थंडी लागली की रक्तातल्या प्लेटलेट खवळतात आणि स्वतःचेच तुकडे उधळतात, त्यांनी सांगितले; त्या पहिल्या आकड्यात तुमचे किती आणि तुमच्या फ्रिजचे किती हे आता देवही सांगू शकणार नाही. "पण काका, दुसऱ्यांदा मोजलं तरी शून्य येणार नाही हं. ते कुणाच्याच रक्तात येत नाही. पेशी जिवंत आहेत म्हणजे काहीतरी सोडत राहणारच. आणि आम्हांलाही अजून सगळं कळलेलं नाही. यांतले काही कण बिघाडाची खूण असतात, आणि काही, असं दिसतंय, दुखावलेल्या जागी जाऊन डागडुजीला हातभार लावतात. आकडा काही आला तरी रक्तदाबाची गोळी आणि तंबाखू बंद, हे तर ठरलेलंच आहे." डागडुजी हा शब्द दाजी परतीच्या रिक्षात घोळवीत राहिले. उड्डाणपुलापाशी तोच खड्डा आला. चालकाने या खेपेला तो चुकवला.

किशोरी दुसऱ्यांदा आली ती सकाळच्या उन्हात, आणि आल्या आल्या तिने दारातच हात जोडले. "आत्ते, आज पान्याचा घोट पन नाय."

"मी काय बोलले काय तुला?" सत्यवती म्हणाली, परंतु ओट्यावर भाकऱ्या तयार होत्या आणि एक डबा भरून बांधून ठेवलेला होता. किशोरीने दंडाची पट्टी सुई लागताच सैल सोडली. नळीत चढणाऱ्या रक्ताकडे दाजी या वेळी नीट पाहत होते. ते गडद होते, शांत होते, आणि त्यात काही वळसे घेत वर येताना दिसत नव्हते, दिसणारही नव्हते. निळ्या टोपणाच्या नळ्या तिने उभ्याच्या उभ्या आपल्या पिशवीत ठेवल्या.

"नल्या आदी," सत्यवतीने जाहीर केले, जणू हा नियम तिनेच शोधून काढला होता. "जेवन तिकडं जाऊन. डबा परत आनून दे मंजे झालं. आनि गाडी खड्ड्यातून नको नेऊ."

किशोरी निघाली, तिच्यामागून डबा घेतलेली सत्यवती, दोघी जिन्यात बोलत उतरू लागल्या, आणि घरात आवाज राहिला तो मनिषाच्या बुटांचा. ती ते नरम करायला सकाळपासून घरभर घालून हिंडत होती. उघड्या ट्रंकेपासून कपाटापर्यंत, कपाटापासून ट्रंकेपर्यंत, जड, ठाम पावले. दाजी हातावरचा कापूस दाबून धरून बसले होते. आकडा केव्हा येईल हे विचारायचे आपण विसरलो, असे त्यांना आठवले, आणि ते खिडकीशी जाऊन किशोरीला हाक मारण्यासाठी उठले नाहीत.

त्यांना तो बांध फुटल्याच्या नंतरचा दिवस आठवत होता, जो इतकी वर्षे त्या पोते फाडल्यासारख्या आवाजाच्या मागे दडून राहिला होता. ओहोटी लागताच घरटी एक माणूस बांधावर आला होता. चिखलाची ढेकळे हातोहात पुढे जात होती. बायका टाचांनी माती दाबीत होत्या, कोणी कोणाला चिखल फासला म्हणून शिव्या आणि हसणे एकाच दमात चालले होते, आणि लहानगा दाजी मात्र बांधाच्या पायथ्याशी उभा राहून भेदरून ओरडला होता, कारण तेथले पाणी पूर्वी कधी नव्हते इतके गढूळ झाले होते. दोरा नव्हे, सारेच्या सारे. हसुरामांनी कमरेइतक्या चिखलातून मान वळवून पाहिले होते. "गढूल व्हनारच," ते हसत म्हणाले होते. "आता पडते ती माती आपुन टाकतो."

"बाबा," आतून मनिषाने हाक मारली, "ट्रंकेवर बसायला या. झाकण लागत नाहीये."

दाजींनी कापूस काढून पाहिला. रक्त थांबले होते. ते उठून आत गेले.